यॉ मामा मध्ये पडतात

दोन माणसांचं भांडण ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि सार्वजनिक मालमत्तेची देखभाल करायला नेमलेला माणूस लागतो. नळाला असतो, दिव्याच्या खांबाला असतो (निदान कागदोपत्री असतो), मग भांडणाला का नसावा? ओल्ड ताफो वस्तीतल्या आमच्या अनेक बिऱ्हाडांच्या घरात तो माणूस मी आहे. मला कुणी नेमलेलं नाही. पण काढलेलंही नाही, आणि सार्वजनिक सेवेत याहून भक्कम नेमणूक मी पाहिलेली नाही.

घानातल्या आमच्या कुमासी शहरात सकाळी रेडिओ लावला की अर्ध्या शहराची एकच मागणी ऐकू येते: कुणीतरी इंटरव्हीन करावं. रस्त्यात खड्डा पडला, सरकारनं इंटरव्हीन करावं. फुटबॉलचा संघ हरला, राजवाड्यानं करावं. जावई पितो, बिशपांनी करावं. एका बाईनं तर टोमॅटोच्या भावात देवानंच इंटरव्हीन करावं असा फोन केला, आणि निवेदकानं ‘निरोप पोचवतो’ असं तिला सांगितलं. शब्द इंग्रजी आहे, अर्थ साधा आहे: मध्ये पडणं. शेजारणीनं केली की तिला लुडबूड म्हणतात, सरकारनं केला की हस्तक्षेप, देवानं केला की चमत्कार. मी करतो ती मध्यस्थी. यातलं पडणं तेवढं सगळीकडे सारखंच, आणि ते मी शब्दशः पार पाडलेलं आहे (गटारात, पाण्यावरून भांडणाऱ्या दोन बायकांच्या बादल्यांमधून).

माझं नाव यॉ बाडू. नोकरी होती वॉटर बोर्डात कारकुनाची, आणि शनिवारी जिल्हा लीगच्या सामन्यात लाइन्समन. लाइन्समनला शिट्टी नसते. तो झेंडा वर करतो आणि रेफरीला सवड असली तर रेफरी तिकडे बघतो. निवृत्त झालो तेव्हा पोटात इतक्या शिट्ट्या साठल्या होत्या, की त्या कुठेतरी वाजवणं प्रकृतीसाठी आवश्यक होतं. घरातले सगळे भाडेकरू मला मामा म्हणतात. आम्हा अशांती लोकांत मामाचा मान बापाच्या वर. मामा होणं आणि मामा बनणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

माझ्या कामगिरीची आकडेवारी उत्तम आहे. मी हाताळलेल्या भांडणांपैकी पंच्याण्णव टक्के मिटली. (त्यातली बरीचशी मी पोचायच्या आत मिटली. मी येतोय हे कळल्यामुळेच ती मिटली असणार, म्हणून माझ्या खात्यात धरली आहेत.) उरलेल्या पाच टक्क्यांतले लोक घर सोडून गेले, म्हणजे ती भांडणंही आमच्या अंगणापुरती मिटलीच.

अशा परिस्थितीत एका शनिवारी संध्याकाळी कोजो आणि पोकुआ फुफूसाठी उकडलेला कसावा आणि केळी कांडत होते.

कोजो न्ती ट्रोट्रो, म्हणजे वाटेत माणसं भरत जाणारी मिनीबस, चालवतो. गाडीच्या मागे मोठ्या अक्षरांत ‘धीर धर’ असं रंगवलेलं आहे आणि हॉर्न मात्र कायम चालू असतो. पोकुआ त्याची बायको, शिवणकाम करते. दोघंही चांगली माणसं. फुफूचं काम जोडीनंच करायचं असतं. एकानं उभं राहून लांब मुसळानं उखळात घाव घालायचा, आणि दुसऱ्यानं बसून, दोन घावांच्या मध्ये ओला हात घालून गोळा उलटायचा. लग्न टिकवायची याहून कडक परीक्षा आमच्याकडे नाही. अंगणात सगळी बिऱ्हाडं बसलेली होती, मीही माझ्या दारात खुर्ची टाकून होतो.

“हात जरा लवकर काढ,” कोजो म्हणाला.

“हात माझा आहे. कधी काढायचा ते मला कळतं.”

“माझी आई गप्पा मारत उलटायची. मुसळाला एकदासुद्धा थांबावं लागलं नाही.”

पोकुआनं हात काढला आणि परत घातला नाही. कमरेच्या कापडाला पुसला.

“मग बोलाव आईला.”

“आई वारली माझी.”

“म्हणून सुटली बिचारी.”

मुसळ हवेत थांबलं. अंगणातल्या सगळ्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागणी मूक होती, पण एकमुखी होती. (आता काही जण म्हणतात की ते मला नको म्हणून खुणावत होते. खुणेच्या भाषेत अशी संदिग्धता राहतेच.) मी उठलो.

“यॉ, आत ये,” माझी बायको फोसुआ दारातून म्हणाली. बाजारात ती धुरावलेली मासळी विकते, आणि तेव्हा ती दुसऱ्या दिवसाची मासळी साफ करत होती. “जेवण गार होतंय. त्यांचं ते बघून घेतील.”

“सार्वजनिक काम आहे,” मी म्हणालो.

मध्यस्थीची पहिली पायरी म्हणजे सखोल चौकशी. मी उखळाच्या बाजूला उभा राहिलो आणि विचारलं, “या वादाचा उगम कुठे आहे?”

“उखळात,” कोजो म्हणाला.

“त्याच्याही आधी.”

आधी काही नव्हतं. पण मामा एवढ्या आपुलकीनं विचारतायत तर काहीतरी सांगायला हवं, म्हणून दोघांनी आठवायला सुरुवात केली. ईस्टरला घेतलेला पडदा निघाला. पडद्यावरून कोजोची बहीण निघाली. बहिणीवरून लग्नात तिला न मिळालेली खुर्ची निघाली. एका हातापुरतं असलेलं भांडण माझ्या चौकशीमुळे थेट लग्नाच्या मांडवापर्यंत मागे पोचलं. उखळातला फुफू थंड होऊन दगड झाला.

मग मी निर्णय दिला. चूक कोजोची. वारलेल्या आईला मध्ये आणायचं नसतं. त्यानं अंडी आणावीत (आमच्याकडे माफी अंडी देऊन मागतात) आणि माफी मागावी.

“आणतो,” कोजो म्हणाला. “आत्ता आणतो.”

पोकुआनं तोंड फिरवलं. पण मला गाल दिसत होता, आणि त्या गालावर हसू येऊ घातलं होतं.

इथे मी थांबायला हवं होतं, असं मागाहून बऱ्याच जणांनी सांगितलं. परंतु न्यायाचं काम करणाऱ्याला थांबण्यापेक्षा समतोलाची काळजी जास्त असते. सगळा दोष एकाच बाजूला गेला होता आणि पोकुआ अगदीच कोरडी सुटत होती. निर्णय एका पायावर उभा आहे असं मला वाटलं. दुसरा पाय म्हणून मी म्हणालो, “आणि पोकुआ, तूही शेंगदाण्याचं सूप जरा दाट करत जा.”

अंगणात कोंबडीसुद्धा हलली नाही.

“मामा, मी सूपाबद्दल काही बोललेलो नाही हां,” कोजो घाईघाईनं म्हणाला. “पोकुआ, देवाशपथ.”

“मग कोण बोललं?” पोकुआनं मला विचारलं.

मध्यस्थानं खोटं बोलू नये असा माझा नियम आहे. (तो मी त्याच क्षणी केला.) “आमची फोसुआ म्हणत होती...”

दारातली सुरी थांबली.

“दर रविवारी वाटी भरून पाठवते मी,” पोकुआ म्हणाली. तिचा आवाज फार हळू होता. “वाटी धुऊन परत देताना मामी म्हणतात, पोरी, हाताला चव आहे तुझ्या.”

“आहेच चव,” फोसुआ म्हणाली. “मी पातळ म्हटलं. बेचव नाही म्हटलं.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात बरीच लाल कार्डं पाहिली आहेत. ती सगळी त्या मानानं फिकट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोकुआ शिलाई मशीन डोक्यावर घेऊन ऑफिन्सोला आईकडे निघून गेली. फोसुआनं माझ्याशी बोलणं बंद केलं. काही सांगायचं असलं तर ती भांड्यांना सांगायची. “कुणाला भूक असेल तर झाकणाखाली आहे म्हणावं,” असं ती पातेल्याला म्हणायची, आणि पातेल्यानं मला सांगावं अशी अपेक्षा असायची.

दुपारी कोजो आला आणि रीतीप्रमाणे त्यानं माझे पाय धरले.

“मामा, मध्ये पडा.”

“मी कालच पडलोय.”

“तेच म्हणतोय. आता तुम्हालाच काढायला कुणीतरी बघावं लागेल.”

आमच्याकडची रीत शहाणपणाची आहे. चुकलेला माणूस आपल्या पायांनी माफी मागायला जात नाही, तो वडीलधाऱ्या माणसाच्या पाठीमागे उभा राहतो आणि बोलतो तो वडीलधारा. आता चुकलेले दोन होते, कोजो आणि मी. म्हणून मी चर्चमधल्या ओपोंगसाहेबांकडे गेलो. त्यांचा आवाज भारदस्त आहे आणि गल्लीत कुणी वारलं की माइक त्यांच्याच हातात असतो.

ओपोंगसाहेब म्हणाले, “येतो. पण पोकुआची आई एन्सिआ ना? मग मी कसा बोलणार? तिचा भाऊ वारला तेव्हा मी माइकवर नाव चुकवलं. जिवंत भावाचं घेतलं.”

“मग?”

“मग माझ्या वतीनं कुणीतरी आधी माफी मागायला हवी.”

त्यांच्या वतीनं मागायला आम्ही सेवाबाईंना गाठलं. ताफोच्या बाजारात टोमॅटोवाल्या बायकांच्या त्या मुख्य, म्हणजे तिथली राणीच. त्या यायला तयार झाल्या. फक्त ओपोंगसाहेबांच्या बायकोशी त्यांचं वाकडं होतं. त्यामुळे आधी ओपोंगसाहेबांनी आपल्या बायकोच्या वतीनं सेवाबाईंची माफी मागितली, ती मंजूर झाली, आणि मग सेवाबाई ओपोंगसाहेबांच्या वतीनं एन्सिआची माफी मागायला मोकळ्या झाल्या, म्हणजे ओपोंगसाहेब माझ्या वतीनं मागायला मोकळे, आणि मी कोजोच्या वतीनं. शासनाची कामं कशी चालतात हे मला त्या दिवशी प्रथमच आतून समजलं.

गाडीचा प्रश्न उरला होता. इतक्या लोकांना नेईल अशी गाडी ओळखीत एकच होती. कोजोची. तेव्हा आरोपीनं शिष्टमंडळाला घेऊन जावं, मात्र पोचल्यावर गाडीतून उतरू नये, असा ठराव झाला. कोजोनं मान हलवली. तीन दिवसांत त्याचे गाल बसले होते. सकाळी तो नळावर यायचा, बादली भरायचा आणि भरलेली बादली तिथेच विसरून गाडीकडे जायचा. कुणी हाक मारून सांगितलं की म्हणायचा, “हो, घेतो,” आणि तसाच निघायचा.

बुधवारी आम्ही निघालो. अशा बैठकीला लागतेच ती श्नॅप्स दारूची बाटली ओपोंगसाहेबांच्या मांडीवर, अंड्यांची टोपली माझ्या. सुआमेच्या चौकात कोजोनं सवयीनं ब्रेक मारला आणि “ऑफिन्सो, ऑफिन्सो!” म्हणून ओरडला. दोन बायका चढल्या. त्यांना सगळी हकिगत सांगणं भागच होतं. एकीनं पोकुआची बाजू घेतली, दुसरीनं सूपाची. ऑफिन्सो येईपर्यंत दोघीही शिष्टमंडळात सामील झाल्या होत्या, आणि मला वाटतं त्यांना खरं म्हणजे दवाखान्यात जायचं होतं.

एन्सिआच्या अंगणात आम्हाला रीतसर बसवलं. हस्तांदोलनं झाली, पाणी आलं. आमच्यासाठी खुर्च्या अपुऱ्या पडल्या म्हणून शेजारून आणल्या, आणि खुर्च्यांबरोबर शेजारीही आले. एन्सिआचा भाऊ समोर बसला होता. त्यानं ओपोंगसाहेबांचा हात धरून ठेवला आणि सोडेचना.

“मी अजून आहे हां, ओपोंग,” तो म्हणाला.

“दिसतंय,” ओपोंगसाहेब म्हणाले.

“म्हटलं, खात्री करून घ्या. पुढच्या वेळी उपयोगी पडेल.”

एन्सिआनं गंभीरपणे विचारलं, “इथे सगळं शांत आहे. तुमचं येणं कसं झालं?”

सेवाबाई उभ्या राहिल्या. पण त्याच वेळी मीही उभा राहिलो, कारण मूळ प्रकरण माझं होतं. ओपोंगसाहेब म्हणाले की वयानं ते मोठे आहेत. सुआमेला चढलेल्यांपैकी एक बाई म्हणाली की ती तटस्थ आहे, म्हणून तिनंच सुरुवात करावी. सेवाबाईंनी तिला विचारलं, “तुझं इथे कोण लागतं?” त्यावर ती म्हणाली, “कुणी लागत नाही, म्हणून तर तटस्थ.” मुद्दा बिनतोड होता, आणि त्यामुळेच फार चिघळला.

मी फाटकाजवळच्या खुर्चीवर होतो. माझं पूर्ण लक्ष कामकाजाकडे होतं. (एक कान बाहेर होता.) पोकुआ मागच्या दारानं बाहेर पडली होती आणि वळसा घालून गाडीच्या खिडकीपाशी आली होती. कोजो ठरावाप्रमाणे आतच बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

“जेवलास?” तिनं विचारलं.

“नाही.”

“काल?”

“पाव खाल्ला.”

ती म्हणाली, “आईसारखी उलटणारी कुणी मिळाली नाही वाटतं.”

“माझ्या बापानं आईचा हात दोनदा ठेचला होता,” कोजो म्हणाला. “तिसऱ्यांदा तिनं त्याच्या डोक्यात मुसळ घातलं. मी उगाच बोललो.”

पोकुआ हसली. अंगणातला इतका गलका चालू असतानाही मला ते हसू स्वच्छ ऐकू आलं.

“मग तसं तेव्हाच सांगायचंस ना, गाढवा.”

“सांगणार होतो गं. मामा मध्ये आले.”

पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण तिनं आतून मशीन आणलं, ते मागच्या सीटवर ठेवलं, पुढे चढून बसली आणि इंजिन सुरू झालं.

“कोण गेलं?” एन्सिआनं विचारलं.

“तुमची मुलगी,” मी म्हणालो. “नवऱ्याबरोबर. घरी.”

“मग तुम्ही सगळे का बसलाय?”

या प्रश्नावर शिष्टमंडळानं बराच विचार केला. शेवटी ओपोंगसाहेबांनी खुलासा केला की विषय मिटला असला तरी बैठक संपलेली नाही. ते सगळ्यांना पटलं. सूर्य कलेपर्यंत आम्ही एकमेकांच्या माफ्या मागितल्या. श्नॅप्स जिवंत भावानं ठेवून घेतली. सेवाबाई आणि सुआमेची बाई यांच्यातला वाद मात्र अनिर्णित राहिला, त्यासाठी वेगळी समिती नेमायचं ठरलं. मग आम्ही मोठ्या रस्त्यावर येऊन उभे राहिलो. ज्या ज्या ट्रोट्रोला हात केला त्यात जागा नव्हती. अंडी माझ्याच हातात होती, ती कुणाला द्यायची हे बैठकीत ठरवायचं राहून गेलं होतं.

घरी पोचलो तेव्हा अंगणात उखळाचा आवाज चालू होता. कोजो कांडत होता, पोकुआ उलटत होती, आणि बाजूला स्टुलावर बसून फोसुआ त्यांच्यासाठी मासळी निवडत होती.

“मामी, खरंच पातळ असतं?” पोकुआ विचारत होती.

“खरंच. शेंगदाणे जास्त भाज आणि पाणी कमी घाल.”

“मग इतके दिवस सांगितलं का नाही?”

“तू इतकी प्रेमानं पाठवायचीस. तोंडावर कसं सांगू?”

त्यावर दोघी हसल्या. सगळं भांडण असं चार वाक्यांत, कुणाच्याही मदतीशिवाय मिटलं. कामकाजाच्या दृष्टीनं तो प्रकार मला अत्यंत गैरशिस्त वाटला.

आता अख्ख्या घरात एकच भांडण शिल्लक होतं. माझं. मी अंडी खाली ठेवली आणि कोजोला बाजूला घेतलं. “जरा मामीशी बोल की माझ्यासाठी.”

“मामा, तुमच्या घरात आम्ही कुठे पडणार? तुम्ही तज्ज्ञ माणूस.”

मी पोकुआकडे पाहिलं. ती म्हणाली, “आम्ही लहान माणसं, मामा.” मी इतर बिऱ्हाडांकडे पाहिलं. एकाला अचानक दोरीवरचे कपडे काढायचे होते, एकाचा रेडिओ बिघडला होता, एक जण न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. इतक्या वर्षांत मी यांच्यापैकी कुणाच्या भांडणात पडलो नाही असं झालेलं नाही, आणि त्यांतल्या एकालाही माझ्यासाठी पडावंसं वाटलं नाही. (सार्वजनिक मालमत्तेकडे नेमलेल्या माणसाशिवाय कुणी बघत नाही, हे मीच सुरुवातीला... पण ते जाऊ द्या.)

फोसुआ उठून आत गेली. मीही गेलो. दारात उभा राहून म्हणालो, “आदरणीय...”

“हे भाषण ऑफिन्सोला उरलं होतं वाटतं,” ती म्हणाली. पातेल्याला नाही, मला. “बस खाली.”

मी बसलो.

“पोकुआच्या सूपाचं मी तुला का सांगितलं, माहितेय?”

“पातळ होतं म्हणून.”

“त्या दिवशी मी तुला वेगळंच सांगायला आले होते. तू इथे बसलेला, कान बाहेर. नळावर कुणीतरी भांडत होतं. दोनदा सुरुवात केली. तू ‘हं, हं’ करत होतास. मग मी म्हटलं, पोकुआचं सूप पातळ असतं. लगेच वळलास. खुर्चीसकट वळलास.”

“काय सांगायला आली होतीस?”

“माझी बाजारातली जागा गेली, यॉ. सगळी ओळच पाडली. मी आता रस्त्याच्या कडेला बसते, गटाराच्या फळीवर. मासळीवर धूळ बसते.”

“केव्हापासून?”

“बघ. मध्ये बोललास.”

मी तोंड मिटलं. ती मासळीच्या टोपलीकडे बघत होती. तिच्या हातावर उन्हाचा काळा पट्टा पडलेला होता, तो मनगटापाशी सुरू होऊन कोपराच्या वर गेला होता. रोज ती त्याच हातानं माझ्यासमोर ताट ठेवत होती. ओल्ड ताफोत कुणाच्या घरी पडदा कुठल्या रंगाचा आहे, कुणाच्या बहिणीला कुठल्या लग्नात खुर्ची मिळाली नाही, हे सगळं मला विचारा. मी सांगतो.

मग तिनं सुरुवात केली. बाजारापासून केली नाही, बरीच आधीपासून केली. ती अजूनही सांगतेय, रोज थोडं थोडं, आणि मी ऐकतो. मध्ये पडायची परवानगी नाही, सल्ला द्यायची नाही, ‘हं’सुद्धा जपूनच करायचं. गटाराच्या फळीवर मी दुपारी छत्री धरून बसतो, एवढी एकच सुधारणा आजवर सुचवली, आणि ती मंजूर झाली आहे.

तुमचं मात्र मला कौतुक वाटतं. तुम्ही आमच्या अंगणात आलात, दोन बिऱ्हाडांची भांडणं उभ्या उभ्या ऐकलीत, कोजो चुकला की पोकुआ, हे मनात ठरवूनही टाकलंत, सूपाबद्दलसुद्धा तुमचं काहीतरी मत झालेलंच असणार. आमच्याकडे अशा माणसाला फार मागणी आहे. पण तुम्ही वाचत होतात तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून तुम्हाला कुणीतरी दोनदा हाक मारली आणि तुम्ही ‘हं’ म्हणालात.

माफ करा. मी तुमच्या घरात पडायला नको होतं.

तरी जाऊन बघा, त्यांना काय सांगायचं होतं ते.